नवऱ्याचा रिपोर्ट वेगळा, बायकोचा वेगळा, असं काऊन? एचआयव्ही आणि बाई-बाप्याच्या इम्युनिटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी माझ्याबद्दल थोडं. मी डॉक्टर नाही, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, स्वतः एचआयव्हीची गोळी खाते, नवरा पण खातो, आणि काही वर्षांपासून आमच्या भागातल्या पेशंट लोकांना सेंटरला नेणं-आणणं, समजावणं हे काम करते. एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची गोळी मिळते त्या सरकारी केंद्राच्या, बाहेर बाकड्यावर बसलं की दर वेळी एकच सीन दिसतो, नवरा-बायको दोघंही आपापले रिपोर्ट मांडीवर घेऊन एकमेकांचे आकडे पाहून राह्यले आणि मग एकाचं तोंड उतरतं नाहीतर भांडण लागतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत.

ताई, माझा व्हायरल लोड कमी आला अन् मालकाचा लय जास्त. म्हणजे मले बिमारी कमी हाय का?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त घात करणारा प्रश्न हाच. व्हायरल लोड म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याचा आकडा.

लागण झाल्यानंतर गोळी चालू नसताना बायकांच्या रक्तात व्हायरस सरासरीनं पुरुषांपेक्षा कमीच सापडतो, हे नव्वदीच्या दशकापासून दिसत आलंय. अमेरिकेत बाल्टिमोरला इंजेक्शननं नशा करणाऱ्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, २००१ मध्ये छापून आला, त्यात लागण झाल्यावर लवकर तपासलेल्या पुरुषांचा मधला आकडा ५०,७६६ होता आणि बायकांचा १५,१०३. म्हणजे तिपटीचा फरक. आता कोणालाही वाटेल की बायका सुटल्या. पण पुढं एड्सपर्यंत जाण्याचा धोका पाहिला तर दोघांचा सारखाच निघाला! ज्या बायकांना पुढं एड्स झाला त्यांचा सुरुवातीचा आकडा सतरा हजाराच्या आसपास होता आणि ज्या पुरुषांना झाला त्यांचा सत्याहत्तर हजाराच्या वर.

आता यातली मेख पहा. त्या काळात तिकडं गोळी कधी चालू करायची हे लोडच्या आकड्यावर पण ठरायचं, वीस हजाराची रेघ धरली तर त्या अभ्यासातले ७४ टक्के पुरुष पहिल्याच तपासणीत गोळीला पात्र ठरत होते आणि बायका फक्त ३७ टक्के. बिमारी सारखीच पळून राह्यली आणि गोळी मात्र पुरुषांच्या मानानं अर्ध्याच बायकांना, कारण रेघ पुरुषांच्या मापानं ओढलेली. आपल्याकडं आता ही भानगड नाही, २०१७ पासून भारतात ज्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह त्याला गोळी, आकडा काही का असेना.

मंग व्हायरस कमी असून बिमारी तेवढीच, हे गणित काही डोक्यात नाही शिरलं.

नाही शिरणार लगेच, मलाही वेळ लागला. जागलीचं उदाहरण घ्या.

समजा दोन वावरं आहेत, दोन्हीकडं रानडुकरं येतात. एका वावरातला जागल्या थोडं खुट्ट झालं की उठतो, फटाके फोडतो, टिन वाजवतो, कुत्रे घेऊन सगळ्या वावरभर पळतो. दुसऱ्याचा जागल्या जरा सुस्त आहे, मचाणावरूनच हाळी देतो. पहिल्या वावरात डुकरं कमी शिरतात हे खरंच, पण रोज रात्री असंच चाललं तर त्याच्याच पायाखाली तूर तुडवली जाते, कुत्रे थकतात, माणूस थकतो. हंगाम संपला की दोन्हीकडचं नुकसान मोजा, जवळपास सारखंच भरतं.

बाईची इम्युनिटी म्हणजे तो पहिला जागल्या. शरीरात एक सेन्सर असतो, टीएलआर७ नाव त्याचं, एचआयव्हीसारख्या व्हायरसचा आरएनए ओळखायचं काम तो करतो. तो पेटला की काही खास पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडतात, ते म्हणजे फटाके. बोस्टनला मार्कस आल्टफेल्ड या संशोधकाच्या टीमनं २००९ मध्ये दाखवलं की बायकांच्या पेशी ह्या सेन्सरवरून जास्त इंटरफेरॉन सोडतात, आणि बाई-बाप्याचा व्हायरल लोड सारखाच असला तरी बाईच्या टी-पेशी (इम्युनिटीच्या लढणाऱ्या पेशी) जास्त भडकलेल्या सापडतात. सुरुवातीला ह्या भडकण्यानं व्हायरस दबतो. पण ते वर्षानुवर्षं चालू राहिलं की इम्युनिटी स्वतःच झिजते, सीडी४, म्हणजे त्या टी-पेशींतल्या मुख्य पेशी ज्यांचा आकडा रिपोर्टवर येतो, कमी होत जातात.

म्हणून "माझा लोड कमी" ही खुशीची गोष्ट नाही, गोळी चालू नसेल तर तो फक्त फटाक्यांचा हिशोब आहे.

हे हार्मोनमुळं होते का जन्मापासूनच असते?

दोन्ही. टीएलआर७ चं जीन एक्स क्रोमोसोमवर असतं, बाईला दोन एक्स, पुरुषाला एक. तसं बाईच्या प्रत्येक पेशीत एक एक्स बंद करून ठेवलेला असतो पण हे जीन काही पेशींत त्या कुलुपातून निसटतं आणि दोन्हीकडून चालू राहतं, हे २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं. त्यात भर एस्ट्रोजेन ह्या बायकांच्या हार्मोनची, ते पण इंटरफेरॉनवाल्या पेशींना चेतवतं. वयात न आलेल्या पोरापोरींतही लोडचा थोडा फरक दिसलेला आहे, त्यामुळं सगळं काही पाळीच्या हार्मोनवर ढकलता येत नाही.

ल्युपससारखे आजार, ज्यात इम्युनिटी आपल्याच शरीरावर उठते, ते बायकांत इतके जास्त का (ल्युपसमध्ये दहातल्या नऊ बायकाच असतात) त्याचं एक कारण हेच धरलं जातं. तापट जागल्या, दुसरं काय.

माह्या सीडी४ सहाशे अन् त्यांचा दोनशे. सासू म्हणते ज्याचा कमी त्यानंच आणली. खरं हाय का?

ह्या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे, माफ करा, कारण हे मी भोगलंय.

२०११ ला पहिल्या बाळाच्या वेळी माझी तपासणी झाली, मग नवऱ्याची झाली. माझा सीडी४ चांगला सहाशेच्या वर, त्याचा दोनशेच्या खाली. तेव्हा सीडी४ ठराविक आकड्याच्या खाली आला की मगच गोळी मिळायची, म्हणून त्याला लगेच चालू झाली आणि मला बाळंतपणाच्या वेळी नेव्हिरापिनचा, म्हणजे बाळाला लागण होऊ नये म्हणून द्यायच्या औषधाचा, एक डोस देऊन घरी पाठवलं, रोजची गोळी काही वर्षांनी आकडा उतरल्यावर. घरात पंचायत बसली. आधी सगळे म्हणाले त्यानंच आणली. मग एक शहाणा नातेवाईक म्हणाला की नाही, हिच्या अंगात ती "मुरली" म्हणून हिला त्रास नाही, म्हणजे हिच्याकडंच जुनी. एकाच कागदावरून दोन उलटे निकाल, आणि दोन्ही वेळेस रडायची पाळी माझ्यावरच.

तर ऐका. सीडी४ वरून, व्हायरल लोडवरून, दोन्ही मिळून सुद्धा कोणाकडून कोणाला आली हे सांगता येत नाही. मुळात निरोगी बायकांचा सीडी४ निरोगी पुरुषांपेक्षा सरासरीनं जास्तच असतो, शंभरेक पेशींचा फरक म्हणा. त्यात प्रत्येकाचा उतरण्याचा वेग वेगळा, कोणी तीन वर्षात खाली येतो, कोणी दहा वर्षं टिकतो. टीबी, साधा ताप, गरोदरपण, ह्यानं पण आकडा हलतो. आणि बायकांची तपासणी पहिल्या दुसऱ्या महिन्यात नाव नोंदवलं की होते, बाप्याची होते तो पार खंगल्यावर. मग त्याचा आकडा कमी येणार नाही तर काय होईल.

आणखी एक, एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमचा रिपोर्ट पंचायतीत, बैठकीत मांडा असं कोणी म्हणू शकत नाही, आणि रिपोर्टच्या कारणानं बाईला राहत्या घरातून काढता येत नाही, तसं त्यात स्पष्ट लिहिलंय.

काही बायकांना गोळी न खाताही काही होत नाही म्हणतात?

आहेत असे लोक, इंग्रजी नाव एलिट कंट्रोलर. गोळीशिवाय त्यांच्या रक्तात व्हायरस सापडत नाही. शंभरात एखादाच, त्याहून कमीच म्हणा, आणि त्यात बायकांचं प्रमाण जास्त असतं हे खरं. पण गोळी थांबवून "मी त्यातली हाय का" हे पाहायला जाऊ नका बाप्पा. आमच्या शेजारच्या गावात एका बाईनं जडीबुटीवाल्याच्या नादी लागून असंच केलं, सात महिन्यांत टीबी घेऊन परत आली. आणि कंट्रोलर लोकांमध्येही आतली भडक चालूच असते, त्यांनाही गोळी सुचवली जाते.

बाप्ये लवकर काऊन जातात मंग?

गोळी चालू असलेल्यांमध्ये पुरुषांचा मृत्यू जास्त, हे बऱ्याच देशांत दिसलंय. त्यातला थोडा भाग शरीराचा असेल, पण मोठा भाग उशिराचा आहे. दवाखान्यात जायला लाज, मजुरीचा दिवस बुडतो, सुरत-पुण्याकडं कामाला गेला की गोळ्या संपल्या तरी तिथंच, दारू, आणि टीबी पुरुषांत तसाही जास्त. बाईला निदान गरोदरपणात तरी कोणी तपासतं. बाप्याला कोण तपासणार, तो तर कापसाची गाडी विकायला जाईल पण रक्त द्यायला नाही जाणार. वहिनींनो, तुमचा रिपोर्ट आला की त्यांना पण घेऊन या, गोड बोलून, भांडून, कसंही.

गोळी चालू हाय, रिपोर्ट "टार्गेट नॉट डिटेक्टेड" आला. आता तर दोघं सारखेच झालो ना?

व्हायरसच्या बाबतीत हो. आणि व्हायरस सापडत नसेल, गोळी नियमित असेल, तर संबंधातून जोडीदाराला लागत नाही, हे पण ऐकून घ्या. युरोपात पार्टनर नावाचा अभ्यास झाला, पहिल्या टप्प्यात ८८८ जोडपी, निरोध न वापरता अठ्ठावन्न हजारांवर वेळा संबंध, आणि पॉझिटिव्ह जोडीदाराकडून लागण शून्य.

पण जागल्याची सवय लगेच जात नाही. लोड दबल्यावरही शरीरात हलकी सूज राहते, दिसत नाही, दुखत नाही, आणि तिच्या काही खुणा बायकांच्या रक्तात जास्त सापडतात. ह्याचा भार हृदयावर पडतो. बोस्टनच्या दोन मोठ्या हॉस्पिटलांच्या नोंदींवरून २००७ मध्ये निघालं की एचआयव्ही असलेल्या पुरुषांना हार्ट अटॅकचा धोका एचआयव्ही नसलेल्या पुरुषांच्या १.४ पट, आणि बायकांना एचआयव्ही नसलेल्या बायकांच्या जवळपास तिप्पट. बायकांना मुळात पुरुषांपेक्षा अटॅक कमी येतो म्हणून ही पट मोठी दिसते हे खरं, पण म्हणून सोडून देण्यासारखी नाही. २०२३ मध्ये रिप्रीव्ह नावाच्या मोठ्या ट्रायलचा निकाल आला, ७,७६९ लोक, साधारण तिसरा हिस्सा बायका, त्यात पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी रोज घेणाऱ्यांमध्ये अटॅक-लकवा असले प्रकार ३५ टक्क्यांनी कमी झाले. तुम्ही चाळिशी ओलांडली असेल तर बीपी, शुगर मोजून घ्या आणि डॉक्टरला ह्या गोळीबद्दल विचारा, स्वतःच मेडिकलमधून आणून सुरू करू नका.

आणि खर्रा. बाप्ये दिवसाला पाच-सहा पुड्या खर्रा खातात, बायका नस घासतात आणि दोघंही मला विचारतात की सिगारेट तर पीत नाही मग काय? तंबाखू तीच आहे ना भाऊ.

एकच गोळी, मग मलेच काऊन वजन वाढून राह्यलं?

आता बहुतेकांना टीएलडी आहे, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर एकाच गोळीत. डोलुटेग्रॅव्हिरवर वजन वाढतं, आणि बायकांचं पुरुषांपेक्षा जास्त वाढतं, हे दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रायलमध्ये नीट मोजलं गेलं. काही वजन तर आधी आजारानं गेलेलंच परत येतं, ते चांगलंच. पण कंबर सुटायला लागली तर पुढच्या तारखेला सांगा, गोळी अर्धी करून खाऊ नका (एका ताईनं केलं होतं, ब्लेडनं कापून).

औषधाचा त्रास बाई-बाप्यात वेगळा असतो ह्याचं सगळ्यात जुनं उदाहरण म्हणजे नेव्हिरापिन. लिव्हरला इजा आणि अंगावर पुरळ बायकांत जास्त, म्हणून नियमच होता की बाईचा सीडी४ २५० च्या वर असेल तर ते चालू करायचं नाही, पुरुषाला मात्र ४०० पर्यंत चालायचं. तापट इम्युनिटीचाच तो नमुना, सीडी४ जितका जास्त तितकी रिॲक्शन जोरात.

आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात त्या डोलुटेग्रॅव्हिरला पोटातच धरून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत. एकतर टीएलडी, लोह, कॅल्शियम तिन्ही गोळ्या एकदमच जेवणासोबत घ्या, नाहीतर टीएलडी आधी आणि दोन तासांनी लोह. लोह आधी घेतलं असेल तर सहा तास थांबा. सिकलसेल असेल तर ते पण सेंटरला सांगून ठेवा, आपल्याकडं आहे बऱ्याच जणांना, आणि झिडोव्हुडिनसारखं रक्त कमी करणारं औषध द्यायच्या आधी डॉक्टरला ते माहीत पाहिजे.

गरोदरपणात सीडी४ एकदम उतरला, पोटातल्या बाळाले धोका हाय का?

गरोदरपणात रक्तात पाणी वाढतं त्यामुळं मोजणीत आकडा कमी येतो, टक्केवारी पाहिली तर फारशी हललेली नसते. बाळासाठी पाहायचा तो व्हायरल लोड. काहीच उपाय नाही केला तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते, आई नियमित गोळीवर असली की ५ च्याही खाली. माझं पोरगं निगेटिव्ह आहे, आठवीत आहे, आणि मोबाईल सोडत नाही.

पाळी गेल्यावर काही बदलते का?

बदलतं, आणि ह्यावर म्हणावं तेवढं कामच झालं नाही. गोळी चालू असली तरी व्हायरस काही पेशींत दबा धरून बसतो, वावरात तणाचं बी पडून राहतं तसा, निंदण करा, फवारणी करा, बी मातीत आहेच. एस्ट्रोजेन हे बी उगवू देत नाही असं प्रयोगशाळेत दिसलं, २०१८ चं काम आहे, आणि पाळी चालू असलेल्या बायकांमध्ये चेतवलं तरी उगवणारं बी पुरुषांपेक्षा कमी सापडलं. मग पाळी गेल्यावर काय? एस्ट्रोजेन उतरतं, सूज वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि टेनोफोव्हिर पण हाडांवर थोडा भार टाकतं. पाय-कंबर सारखी दुखत असेल तर "वय झालं" म्हणून गप्प बसू नका.

गर्भाशयाच्या मुखाची तपासणी काऊन करायला लावतात?

कारण एचआयव्ही असलेल्या बाईला तिथल्या कॅन्सरचा धोका सहा पट असतो. जागरूक इम्युनिटी असूनही हा कॅन्सर घडवणारा एचपीव्ही व्हायरस हटत नाही, कारण सीडी४ कमी झालेले असतात. डब्ल्यूएचओ म्हणतं एचआयव्ही असेल तर पंचविशीपासूनच तपासा, इतर बायकांना तिशीपासून. पाच मिनिटांचं काम आहे, लाजू नका.

अंतरा इंजेक्शन घेतलं तर एचआयव्ही लागते का?

अंतरा म्हणजे पाळणा लांबवायचं इंजेक्शन, आणि ही जुनी भीती आहे. २०१९ मध्ये इको नावाच्या ट्रायलमध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत ७,८२९ बायकांना तीन गटांत वाटून पाहिलं, हेच इंजेक्शन, कॉपर-टी आणि दंडातली कांडी, लागण होण्यात मोठा फरक नाही निघाला. पण इंजेक्शन पोर थांबवतं, व्हायरस थांबवत नाही.

कायमचा इलाज येते का नाही?

काम चालू आहे, आणि त्यात बायकांना घेतलं जात नाही ही माझी जुनी तक्रार. जगात एचआयव्ही असलेल्या लोकांत अर्ध्याहून जास्त बायका-पोरी, आणि इलाज शोधणाऱ्या ट्रायलमध्ये एकेकाळी मोजलं तर बायका अकरा टक्क्यांच्या आसपास. ज्यांचा जागल्या वेगळा त्यांनाच विचारत नाही म्हणजे काय!

एक चांगली बातमी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनची आहे. तिथं फक्त बायकांवर ट्रायल केली, २० जणी, आणि वापरलं काय तर वेसाटोलिमॉड, म्हणजे वर सांगितलेला तोच टीएलआर७ सेन्सर मुद्दाम चेतवणारं औषध, सोबत अँटीबॉडीची इंजेक्शनं. मग डॉक्टरांच्या देखरेखीत गोळी थांबवली. २०२५ मध्ये निकाल सांगितला तेव्हा वीसपैकी चार जणी ट्रायल संपल्यावरही गोळीशिवाय होत्या. वीसपैकी सोळा नाही, हे पण वाचा.

दोघांची गोळी एकच हाय तर एकाच डब्यातून खाल्ली तर चालते का? त्यांच्या संपल्या की मी माह्या देते.

गोळी एकच असली तरी नका करू. सेंटरला डबा मोजतात, तुमच्या कमी भरल्या की वाटतं तुम्ही खाल्ल्या नाहीत, आणि एखाद्या वेळी डॉक्टरनं एकाची गोळी बदलली असेल तर रंगावरून कळतही नाही. त्याच्या संपत आल्या असतील तर त्याला तारखेच्या आधीच पाठवा. गाडीभाड्याची अडचण असेल तर २०२३ पासून एसटीत बाईला अर्ध तिकीट आहे, त्याला पूर्णच लागतं, म्हणून पुष्कळ घरी बाईलाच दोघांच्या गोळ्या आणायला पाठवतात. एखाद्या महिन्यात ठीक आहे, सेंटरवाले ओळखीचे असले तर देतात पण. पण रक्त द्यायच्या तारखेला त्याला स्वतःलाच जावं लागेल, ते काही तुमच्या दंडातून काढता येत नाही.